तुवालूची पंगत

कुशाबाईंना भरल्या ताटावरून उठवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. कंपनीत कुणी म्हणतं फोटोपासून सुरू झालं, कुणी म्हणतं त्या चिठ्ठीपासून. त्यांना काय डोंबल माहीत! ते तेव्हा एसीत बसले होते. मी होते तिथं. कॅन्टीनच्या चपातीच्या मशीनवर मीच असते, आणि मशीनपासून ते कोपऱ्यातलं टेबल सहा पावलांवर आहे.

मी वर्षाली. माहेर परतूरचं, सासर मोशीतल्या भाड्याच्या खोलीत. आमची कंपनी चाकणच्या पुढं, गाड्यांचे पार्ट बनवणारी. नाव सांगत नाही. नाव सांगून मला काय कुणी साडी-चोळी करणार आहे? कॅन्टीन ठेकेदाराचं, ठेकेदार दादासाहेब, आणि दादासाहेबांकडं आम्ही नऊ माणसं. चारशे लोकांना जेवू घालायचं, टेबलं पुसायची, आणि दुपारी अडीचला सगळे उठून गेले की मग आम्ही जेवायचं. कुठं? तर मागं, भांडी घासायच्या मोरीत. पालथे क्रेट मांडायचे, त्यावर बसायचं, ताट मांडीवर. मोरीचं पाणी जायचं भोक महिन्यातले वीस दिवस तुंबलेलं, म्हणून पाय घोट्यापर्यंत खरकट्या पाण्यात. आणि दाराच्या पलीकडं हॉलमध्ये पन्नास टेबलं रिकामी, वर पंखे गरागरा फिरतायत. कुणासाठी फिरतायत ते देवाला ठाऊक.

कुशाबाई आमच्यात सगळ्यात मोठ्या, छप्पन्न वर्षांच्या. काटक बाई. साडीवर निळा एप्रन, डोक्याला जाळीची टोपी कुंकवापर्यंत ओढलेली. त्यांचं गाव म्हणजे कंपनीच्या कंपाउंडला लागून पलीकडं. आज जिथं साहेब लोकांच्या गाड्या लागतात, तिथं त्यांच्या सासऱ्यांचं कांद्याचं वावर होतं. पण त्या बाईंनी त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. "गेलं ते गेलं, आता भांडी घास," एवढंच.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मोरीत उभं राहवेना इतकं उकडत होतं. कुशाबाई ताट घेऊन सरळ हॉलमध्ये गेल्या आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या. दोन घास खाल्ले असतील नसतील, दादासाहेब आले.

"कोण बसलंय तिथं? उठा, उठा. बाहेरची माणसं येतात व्हिजिटला. बघितलं तर काय म्हणतील?"

कुशाबाईंच्या हातात घास होता. अहो, आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा भरल्या ताटावरून उठवत नाहीत! घरात भांडणं होतात, भाऊ भावावर धावून जातो, पण म्हातारं माणूस मध्ये पडून म्हणतं, आधी त्याला जेवू दे, मग काय ते बोला. दादासाहेब काही विलायतेहून आलेले नाहीत, थेरगावचे आहेत, त्यांना हे ठाऊक नाही असं नाही. तरी म्हणाले, उठा. कुशाबाईंनी तो घास ताटात परत ठेवला, ताट उचललं आणि मोरीत आल्या. जेवल्या नाहीत. माझा असा संताप झाला की मशीनवरच्या चार चपात्या जळाल्या.

संध्याकाळी बसस्टॉपवर त्या पहिल्यांदा बोलल्या. "वर्षाली, त्या टेबलावर बसून मी जेवनार. येकदा न्हाई, रोज. आन् मी येकटी न्हाई, आपन नऊबी."

मी म्हटलं, "मावशी, काढून टाकतील."

"टाकू दे. पन जेवत असताना टाकू दे."

आधी त्यांनी सरळ मार्गानं करून बघितलं. दादासाहेबांना विचारलं, ते म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मग मी माझ्या अक्षरात अर्ज लिहून सूचनापेटीत टाकला. तीन आठवड्यांनी टाइप केलेलं उत्तर आलं: कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या भोजनासाठी स्वतंत्र व्यवस्था उपलब्ध आहे. कुशाबाईंनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं.

"सवतंत्र? देश सवतंत्र झाल्याला ऐकलाय. मोरी कशी काय सवतंत्र झाली गं बाई?"

आम्ही हसून हसून बेजार. पण हसून पोट भरत नाही.

मग आला कंपनीचा वर्धापनदिन. एचआरच्या सुप्रिया मॅडम, पोरगी गुणाची, नवीन होती, उत्साह उतू जात होता. तिनं टूम काढली, जग एका छताखाली. प्रत्येक डिपार्टमेंटनं एक देश घ्यायचा, त्या देशाची ओळख करून द्यायची, पंधरा मिनिटं. सगळ्यांना नोटीस लागली. तिच्यात खाली एक नियम होता: परीक्षकांनी प्रत्येक देशाची एक रीत स्वतः पाळायची. म्हणजे जपानवाल्यांनी वाकून नमस्कार केला तर मोठ्या साहेबांनीही वाकायचं. लोकांना लई मज्जा वाटली.

चिठ्ठ्या कॅन्टीनमध्येच काढल्या. टूल रूमच्या पोरांना जी चिठ्ठी आली ती वाचून ते खवळले. "हा देश आहे का राव? हे तर वेफर्सचं नाव वाटतंय!" भांडून त्यांनी ब्राझील घेतला. चिठ्ठी तिथंच टेबलावर टाकली, तिच्यावर चहाचा कप ठेवला आणि निघून गेले.

टेबल पुसायला कुशाबाई. त्यांनी कप उचलला, चिठ्ठी उचलली, मला दाखवली. मी वाचलं, तुवालू.

सुप्रिया मॅडम कागद गोळा करत होत्या. कुशाबाई तशाच फडकं हातात घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"म्याडम, ह्यो देस कुनाचा?"

"कुणाचाच नाही मावशी. एक्स्ट्रा झाला. टाकून द्या."

"कुनाचाच न्हाई ना? मग आमचा."

मॅडम गोंधळल्या. "मावशी, तसं नाही... तुम्ही कॉन्ट्रॅक्टमध्ये आहात ना..."

"ह्याच्यावर लिवलंय का कॉन्ट्रॅक्टवाल्यानं घ्यायचा न्हाई म्हनून?" आणि चिठ्ठी उलटसुलट करून दाखवली.

मॅडम हसल्या. खरं सांगते, त्यांच्या जागी दुसरी असती तर हाकलून दिलं असतं. त्यांनी यादीत सगळ्यात खाली लिहिलं: पंधरा, कॅन्टीन, तुवालू.

दादासाहेबांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "त्या दिवशी सहाशे माणसं आहेत, फॅमिलीसकट. स्वयंपाक कोण करणार? तुमचा तुवालू?"

"सैपाक येळेत व्हईल. आमची पंधरा मिनिटं आमाला द्या."

"काही वेडंवाकडं झालं तर लक्षात ठेवा, गेटपासवर सही माझी असते."

"ध्यानात हाय की. तुमची सही कुनाला इसरता येतीय?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून मोरीत क्रेटवर बसून मी मोबाईलमधून तुवालू वाचून दाखवायची आणि कुशाबाई जेवता जेवता ऐकायच्या. इकडं खरकटं पाणी पायाशी, तिकडं तो देश समुद्रात.

मी वाचलं, ऑस्ट्रेलियाच्याही पुढं, महासागराच्या ऐन मध्यावर नऊ बेटं आहेत. सगळी मिळून जमीन सव्वीस चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत तसले सहा देश सुखानं मावतील. माणसं दहा-अकरा हजार.

"येवढी तर आपल्या पट्ट्यात दोन-तीन कंपन्यांची शिफ्ट सुटली की रस्त्यावर येत्यात," कुशाबाई म्हणाल्या. "आन् त्यांचा देस हाय? झेंडा हाय?"

"झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे, संसद आहे. आणि जगातले सगळे देश जिथं बसतात ना, तिथं त्यांची खुर्ची आहे. अमेरिकेला एक मत आणि तुवालूलाही एकच मत."

कुशाबाईंचा घास हातात राहिला. "खुर्ची हाय म्हनतीस?"

"आहे की."

"दहा हजार मानसांना खुर्ची हाय," त्या आबाजींना म्हणाल्या, "आन् आपन पन्नास टेबलं पुसतोय."

आबाजी आमचे आचारी, चिपळूणकडचे, कमी बोलणारे. त्यांना रस कशात, तर तिथले लोक खातात काय. मी वाचलं, नदी नाही, ओढा नाही, पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. नारळ, मासे, नीरफणस. आणि जमिनीत खोल खड्डे खणून गोड्या पाण्याच्या ओलीवर अळूच्या कुळातलं एक थोराड कंद लावतात, त्याला पुलाका म्हणतात. आता समुद्राचं खारं पाणी खालून वर येतं आणि खड्डे नासतात.

"अळूच ते," आबाजी म्हणाले. "अळवाला खारं पाणी चालायचं नाही. बिचारे."

आम्हाला सगळ्यात मजा वाटली ती विमानतळाची. विमान आठवड्यातून थोड्याच वेळा येतं. बाकी वेळ त्या धावपट्टीवर पोरं खेळतात, उकाड्यात माणसं अंथरूण टाकतात. विमान यायचं झालं की भोंगा वाजतो आणि सगळे बाजूला होतात. कुशाबाईंनी त्यावर मान डोलावली. "आपल्यात उलटं हाय. भोंगा झाला की जागा रिकामी व्हती, पन आपल्याला बसू देत न्हाईत."

आणि मग मला एक फोटो सापडला. त्या देशाचा एक मंत्री, कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभा राहून भाषण करतोय. आमची जमीन बुडतेय, बघा, असं जगाला सांगायला. कुशाबाईंनी मोबाईल हातात घेतला. कितीतरी वेळ बघत होत्या. मग स्वतःच्या पायांकडं बघितलं, पाणी घोट्यापर्यंत.

"वर्षाली, ह्या बाबाला कळलंय. पान्यात बसून पान्याचं सांगितलं तर कोन ऐकत न्हाई. उभं ऱ्हाऊन, समद्यांच्या म्होरं सांगाया पायजे."

त्या देशाच्या नावाचा अर्थ काय, तर आठ जण एकत्र उभे. बेटं नऊ, पण पूर्वी वस्ती आठांवरच होती. आणि तिथं जमीन एकट्याची नसते, अख्ख्या भावकीची असते. त्याला त्यांच्या भाषेत कायतासी म्हणतात, म्हणजे एकत्र जेवणारे. जमीन ज्यांची एक, त्यांचं जेवण एक. हे वाचलं आणि कुशाबाईंनी ताट खाली ठेवलं.

"बास. आता काय वाचू नगंस. ह्येच."

वर्धापनदिनाला आम्ही पहाटे चारला कॅन्टीनला. सहाशे माणसांचं जेवण अकरापर्यंत तयार. दहाला कार्यक्रम सुरू झाला, सगळा कॅन्टीनच्या हॉलमध्येच. जपानवाल्यांनी भाड्यानं आणलेले झगे घातले होते. टूल रूमची पोरं डोक्याला कोंबड्याची पिसं लावून ब्राझील झाली होती, नाचत काय होती, कोसळत होती म्हणा. मोठे साहेब आणि दोन पाहुणे परीक्षक पुढच्या सोफ्यावर. साहेब वाकले, साहेब नाचले, साहेबांनी इटलीचा पास्ता चाखला. दीड वाजला. सहाशे माणसं भुकेली, पोरं रडायला लागलेली. आणि सुप्रिया मॅडमनी पुकारलं, शेवटची टीम, कॅन्टीन, तुवालू. हॉलमध्ये हशा पिकला.

आमच्याकडं झगे नव्हते, पिसं नव्हती. भांडी घासणारा गेनू तेलाचा रिकामा डबा घेऊन आला. तो गावात हलगी वाजवतो. तुवालूत नाच असतो, फातेले नावाचा, डब्या-पेटीवर ताल धरून, हळूहळू सुरू करून वेग वाढवत नेतात. गेनूनं तसाच ताल धरला. हशा थांबला, कारण गेनूचा हात पडला की हसणाऱ्याचं तोंड आपोआप मिटतं.

मग आम्ही दोघींनी भांडी भिजवायचा निळा टब उचलून मध्यभागी आणून ठेवला, पाण्यानं अर्धा भरलेला. कुशाबाईंनी साडीचा ओचा खोचला आणि टबात उभ्या राहिल्या. जाळीची टोपी डोक्यावर, एप्रन अंगावर. गेनू थांबला.

"मी तुवालू," त्या म्हणाल्या. माइक नको म्हणाल्या, गरजही नव्हती. "मी ल्हान हाय. नकाशावर टिकली लावली तर तिच्याखाली झाकून जाईन. माझ्याकडं नदी न्हाई, डोंगर न्हाई. माझी समद्यात उंच जागा तुमच्या पार्किंगच्या शेडाएवढी. माझ्या पायाखाली रोज पानी येतं. तुमी म्हनाल, मग सोड की ती जागा. का सोडू? ल्हान हाय म्हनून देस न्हाई का मी? मोठ्या देसांच्या बैठकीत मला खुर्ची हाय. आन् ती कुनी धरम म्हनून दिल्याली न्हाई, माझा हक हाय. माझ्याकडं जमिनीची वाटनी नसती. ज्यांची जमीन येक, त्यांची पंगत येक. ही माझी रीत. आता नियम असा हाय, का पावन्यांनी रीत पाळायची."

आबाजींनी तोवर सतरंजी अंथरली होती. पत्रावळी मांडल्या, बारा. आम्ही नऊ आणि तीन परीक्षक. कुशाबाई ओल्या पायांनी टबातून उतरल्या आणि हात पुढं केला. "या सायेब. बसा."

मोठे साहेब हसत उठले. साताऱ्याकडचे आहेत, पंगतीत बसणं त्यांना नवीन नव्हतं. मांडी घालून बसले. त्यांच्या शेजारी कुशाबाई. पलीकडं पाहुणे, मग गेनू, आबाजी, मी, बाकीचे.

आता प्रश्न आला की वाढणार कोण. आमच्या गावाकडं कार्याच्या जेवणात वाढपी सगळ्यात शेवटी बसतात, आणि त्यांच्या पंगतीला बाकीचा गाव वाढतो. त्याला मान असतो. कुशाबाईंनी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दादासाहेबांकडं बघितलं.

"दादासायेब, वाढा की."

सहाशे माणसांचे डोळे. दादासाहेबांचा चेहरा वांग्यासारखा झाला. पण मोठे साहेबच म्हणाले, "हो हो, घ्या बादली दादासाहेब, आज तुमचा मान!" मग काय करतील बिचारे. भाताची बादली उचलली आणि वाकून वाकून वाढू लागले. आम्हाला. मला भात वाढला, भाजी वाढली. देवाशपथ सांगते, इतका गोड भात मी जन्मात खाल्ला नव्हता.

साहेब पाच मिनिटांत जेवले. त्यांना वाटलं, झालं नाटक. पत्रावळीच्या कडेला हात टेकून उठायला लागले. तेवढ्यात आबाजी, जे आठवड्यात दहा वाक्यं बोलतात, ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पंगत उठली नाही अजून."

साहेब तसेच थांबले, अर्धे उठलेले. त्यांना कळलं. पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. कुशाबाई जेवत होत्या. आणि कशा जेवत होत्या म्हणता! एकेक शीत मोजल्यासारखं. साहेब परत बसले.

"दादासायेब, भात आना जरा," कुशाबाई म्हणाल्या.

भात आला. मग आमटी. मग ताक. सहाशे माणसं उभी. कुणीतरी मागून ओरडलं, "अहो मावशी, आवरा!" त्या म्हणाल्या, "आमी रोज तुमचं होईस्तवर थांबतो. आज तुमी थांबा." ते ओरडणारं तोंड कुठं गेलं कुणास ठाऊक. मलाच मनातून भीती वाटायला लागली होती. पण त्या दिवशी ती बाई घाईत नव्हती.

"दादासायेब, मीठ."

दादासाहेबांनी मीठ आणून वाढलं.

साहेब आता हसत नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"ह्येच. तुमची गाडी जिथं उभी ऱ्हाती, तिथं आमचं कांद्याचं वावर व्हतं."

साहेबांनी पुढं विचारलं, "आणि जेवता कुठं तुम्ही रोज?"

"मागं. मोरीत."

नेमका तेव्हा फोटोवाल्यानं फ्लॅश मारला. साहेब कुशाबाईंकडं वळलेले, कुशाबाईंचा हात तोंडाशी. मग त्यांनी शेवटचा घास घेतला, पत्रावळ दुमडली आणि म्हणाल्या, "आता उठा."

पहिला नंबर ब्राझीलला. त्या कोंबडीच्या पिसांना! आम्हाला उत्तेजनार्थ, एक स्टीलचा डबा. तो गेनूला दिला.

मला वाटलं होतं, सोमवारी काहीतरी होईल. साहेबांनी स्वतः विचारलं होतं, स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सोमवारी काय झालं? मोरीचं भोक पुन्हा तुंबलं. दादासाहेबांनी आम्हाला तोंडाला येईल ते ऐकवलं आणि हॉलचं दार अडीचनंतर मोरीच्या बाजूनं लावायला सांगितलं. आम्ही पुन्हा क्रेटवर. गेनू त्या उत्तेजनार्थ डब्यात जेवायचा, तेवढाच काय तो फरक.

पंधरा दिवसांनी सुतार आला आणि हॉलमधल्या कोपऱ्यात मोठी फ्रेम ठोकून गेला. तोच फोटो. साहेब आणि कुशाबाई शेजारी शेजारी, पत्रावळी पुढं. खाली सोनेरी अक्षरं, आपण सारे एक कुटुंब. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुटुंब म्हणे! कुटुंबातल्या माणसांना मोरीत जेवायला बसवतात का तुमच्याकडं? बाहेरचे पाहुणे आले की त्यांना तो फोटो दाखवायचे, पाहुणे वा वा करायचे, आणि आम्ही पाच पावलांवर भिंतीआड भात कालवत होतो.

मी म्हटलं, "मावशी, तोंडाला पानं पुसली बघा आपल्या."

कुशाबाई रोज टेबलं पुसताना त्या फोटोची काचही पुसायच्या. आठ दिवस पुसली. मला राग यायचा, कशाला पुसता म्हणून.

नवव्या दिवशी, बुधवार होता, अडीच वाजता त्यांनी ताट वाढून घेतलं, दाराची कडी काढली आणि हॉलमध्ये गेल्या. फोटोच्या बरोबर खाली जे टेबल आहे, तिथं बसल्या. हे तेच टेबल, मे महिन्यातलं. मी मशीन बंद केलं.

दादासाहेब आले. बरोबर गेटवरचा वॉचमन भैरू. त्यांना कुणीतरी सांगितलं असणारच.

"पुन्हा? उठा तिथून!"

कुशाबाईंनी घास खाल्ला. "पंगत उठली न्हाई अजून."

"कसली पंगत?"

त्यांनी डाव्या हातानं वर दाखवलं. "ही काय. म्या जिथं बसल्ये तिथंच बसल्ये. मोठं सायेब अजून माझ्या शेजारी हायत. त्यांना आधी उठवा, मग मी उठते."

दादासाहेबांनी फोटोकडं बघितलं. मग भैरूकडं. "भैरू, उठव हिला."

भैरू जुना माणूस, कुशाबाईंच्याच गावचा. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेब, मोठ्या साहेबांच्या पंगतीतलं माणूस मी कसं उठवू? तुम्ही उठवा. नाहीतर फोटो खाली घ्यायला सांगा."

फोटो कोण खाली घेणार? पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे येणार होते, त्यांना दाखवायला तर तो लावलेला.

"उद्या गेटपास मिळणार नाही तुम्हाला!" दादासाहेब ओरडले.

"उद्याचं उद्या. आज जेवू द्या."

गेनू त्याचा उत्तेजनार्थ डबा घेऊन आला आणि कुशाबाईंच्या डावीकडं बसला. मग आबाजी आले, एप्रनला हात पुसत. मग मी. खरं सांगते, पोरांची फी, खोलीचं भाडं, सगळं डोळ्यासमोर आलं. तरी बसले. एकेक करत नऊजणं टेबलाला आलो. कोरड्या फरशीवर पाय ठेवून जेवायला कसं वाटतं, ते मी विसरूनच गेले होते.

दादासाहेब समोर उभे. जेवत्या नऊ माणसांना एकदम उठवायचं धाडस थेरगावच्या माणसातही नसतं. कुशाबाईंनी आमटीचा भुरका मारला, तोंड जरासं वाकडं केलं आणि मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"दादासायेब, उभंच हायसा तर मीठ द्या हिकडं."

शेजारच्या टेबलावर डबी होती. दादासाहेबांनी ती उचलली आणि आमच्यासमोर ठेवली.